वापराचा रकाना

'मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा ना,' असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बँकेत पासबुक छापायचं मशीन बंद असतं, अ‍ॅडजस्ट करा. वरच्या मजल्यावरच्यांची टाकी आमच्या गॅलरीत गळते, काकू, चार दिवस अ‍ॅडजस्ट करा. त्या चार दिवसांचे चार महिने होतात. घरचे म्हणतात, रिटायर झाल्यापासून तू फार चिडकी झालीस. रिटायर होण्याचा यात काडीचा संबंध नाही. ही चीड जुनी आहे आणि मुळात ती माझी नाहीच, ती निकम बाईंची आहे. मी ती त्यांच्याकडून उचलली, आणि उचलायची तेव्हा उचलली नाही.

निकम बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. नाशिकरोडच्या बाजूची मुलींची मराठी शाळा. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे रिक्षावर, कुणाचे हमालीत. मी गणित शिकवायचे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे लागले तेव्हा बाई चांगल्या बारा-पंधरा वर्षं जुन्या होत्या. सटाण्याकडच्या एका खेड्यातून आलेल्या. उंच, काटक, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, खांद्याला खाकी कापडाची पिशवी. मोपेडवरून यायच्या आणि ती स्टँडला लावताना रोज तिच्याशी भांडायच्या. एरवी आमच्यासारखंच शुद्ध बोलायच्या, पण राग चढला की अहिराणी बाहेर यायची. व्हरांड्यातून 'हाई काय शे?' असं ऐकू आलं की आम्ही स्टाफरूममधल्या सगळ्या हातातले कप खाली ठेवायचो. कुणाची तरी आता खैर नसायची.

खाकी पिशवीत एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असायची. तिचा कणा निखळला होता आणि त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी मारलेली होती, थरावर थर. बाईंच्या गावच्या शाळेत इंग्रजीला मास्तरच नव्हता. कुण्या बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाने मागे टाकलेलं ते पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते पहिल्या पानापासून गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचून काढलं. त्यामुळे त्यांचे उच्चार धड नव्हते. कॉन्व्हेंटमधून आलेली एक नवी शिक्षिका त्यांच्या उच्चारांना हसायची. बाईंना ते माहीत होतं. पण शब्द कुठून निघाला, कुठे कुठे फिरला आणि इथे येईपर्यंत त्याचं काय झालं, हे त्यांच्याइतकं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

दर सोमवारी त्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहायच्या आणि खाली तीन रकाने पाडायच्या. अर्थ, मूळ, वापर. पहिले दोन स्वतः भरायच्या. तिसरा मुलींनी आठवडाभरात भरून आणायचा. घरी, दारी, बाजारात, सिटी बसमध्ये तो शब्द जिथे कानावर पडेल तिथून तो आणायचा, आणि नुसतं वाक्य चालायचं नाही. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, हे लिहायचंच. एखादीने पुस्तकातलं वाक्य उतरवून आणलं तर बाई वही परत करायच्या. 'अर्थ माझ्याकडे आहे,' म्हणायच्या. 'तू वापर आण. कोणाच्या तोंडातून निघाला आणि कोणाच्या कानात गेला, ते मला पाहिजे.' प्रत्येक मुलीची वापराची वही असायची. बाईंची स्वतःचीही होती, निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, आणि त्यात त्या मुलींइतक्याच मन लावून लिहायच्या.

या वह्यांचा आम्हाला ताप होता हे कबूल करते. पोरी कान टवकारून हिंडायच्या. एकदा 'होपलेस' हा शब्द होता. मी नववी ब मध्ये चाचणीचे पेपर वाटताना जे बोलायचं ते बोलून गेले. शुक्रवारी मधल्या सुट्टीत निकम बाई भाकरी आणि ठेचा घेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, 'शिंदे बाई, तुमचा वापर आलाय. चाळीस वह्यांत.' मी म्हटलं, 'मग काय झालं? पोरींना बेरीज येत नाही.' त्या म्हणाल्या, 'झालं काही नाही. नोंद झाली.' आणि मला ठेचा वाढला. मला इतका राग आला की मी तो तसाच डब्याच्या झाकणात सोडून उठले.

खेळाच्या सरांशी त्यांचं झालेलं भांडण तर शाळेत पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. या सरांच्या हातात कायम छडी आणि तोंडात कायम 'डिसिप्लिन'. रिबिनीचा रंग चुकला की पोरगी मैदानात उन्हात. मार्चमधली दुपार, सहा-सात पोरी उभ्या, त्यातली एक घेरी येऊन खाली बसली. बाई डिक्शनरी घेऊन मैदानात गेल्या. सरांसमोर ती उघडली आणि म्हणाल्या, 'हा तुमचा शब्द. याचं मूळ लॅटिन. डिसायपल म्हणजे शिष्य, शिकणारा, तो याचा सख्खा भाऊ. डिसिप्लिन म्हणजे शिकणं. मला यात छडी दाखवा, मी पोरींना स्वतः उभं करते.' सर हसले. म्हणाले, 'मॅडम, पुस्तकातलं वेगळं असतं.' बाईंनी डिक्शनरी मिटली, पदर डोक्यावर घेतला आणि रांगेच्या टोकाला जाऊन स्वतः उभ्या राहिल्या. तास संपेपर्यंत उभ्या. शाळेचा शिपाईसुद्धा पाहायला आला. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, धावत आल्या आणि सगळ्यांनाच आत घेऊन गेल्या. त्या दिवसापासून उन्हातली शिक्षा बंद झाली आणि खेळाच्या सरांनी निकम बाईंशी बोलणं सोडलं. बाईंनी ते महिनाभर लक्षातच घेतलं नाही, म्हणून सर अधिकच चिडले.

तर असल्या बाईंनी एका जानेवारीत, सोमवारी, नववी ब च्या फळ्यावर 'अ‍ॅडजस्ट' लिहिलं. तो वर्ग माझा, मी वर्गशिक्षिका. पुढचा तास माझा असल्यामुळे मी दारात उभी होते आणि मला ते सगळं ऐकू आलं.

'याचं मूळ सांगते,' बाई म्हणाल्या. 'लॅटिनमध्ये जुक्स्टा म्हणजे शेजारी, जवळ. अ‍ॅडजस्ट म्हणजे शेजारी आणून ठेवणं. पुढे लोकांचा गैरसमज झाला की यात जस्ट आहे, म्हणजे न्याय आहे. न्यायाशी त्याचं मुळातलं नातं नाही, ते मागाहून चिकटवलेलं आहे. मूळ शेजाराचं. आता दोन माणसं शेजारी यायची तर दोघांनीही थोडं सरकायला पाहिजे की नाही? एकच सरकत असेल तर त्याला ढकलणं म्हणतात. जा, वापर आणा.'

त्या आठवड्यात वह्या भरून वाहिल्या. दुसरा कुठलाही शब्द इतका आला नव्हता. सहा आसनी रिक्षात नववी सवारी कोंबताना ड्रायव्हर बायांना म्हणाला, ताई, अ‍ॅडजस्ट करा. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला आई फोनवर म्हणाली, पहिलं वर्ष आहे, अ‍ॅडजस्ट कर. एकीच्या घरी पाहुणे आले म्हणून तिने परीक्षेच्या आदल्या दिवशी ओट्यापाशी बसून अभ्यास अ‍ॅडजस्ट केला. शनिवारी बाईंनी सगळ्या वह्यांतल्या वापराच्या रकान्यातली फक्त एकच गोष्ट फळ्यावर उतरवली. कोणाला. बायका, मुली, मोलकरीण, धाकटी जाऊ, आजी. मुलीच आधी हसल्या, मग एकेक करून हसायच्या थांबल्या. मागच्या बाकावरची एक म्हणाली, 'बाई, माझ्या पप्पांना कोणीच म्हणलं नाय. मी आठ दिवस वाट बघितली.'

त्या वह्यांत रंजनाची वही होती.

रंजना मूळची निफाडकडची. वडील इथे हमाली करायचे, आई धुणीभांडी. एक वर्ष उशिरा शाळेत घातलेली, पंधरा पूर्ण. गणितात बरी, इंग्रजीत फार चांगली, कारण निकम बाईंच्या मागे सावलीसारखी हिंडायची. तिने वापराच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मामा म्हणाले, आईला. पोरीच्या वयाचं शाळेतून अ‍ॅडजस्ट करून घेऊ.'

निकम बाईंनी तिला बोलावून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीत निफाडच्या बाजूला सामुदायिक विवाह होता. संयोजक वयाचा दाखला मागत होते, मुलगी अठराची असल्याशिवाय नाव घेणार नव्हते. म्हणजे चांगलीच काळजी घेत होते म्हणायची. ती काळजी चुकवण्यासाठी शाळेचा बोनाफाईड पाहिजे होता, तीन वर्षं वाढवलेला. रंजनाला लग्न नको होतं. तिला दहावीला बसायचं होतं. ती बाईंना एवढंच म्हणाली, 'बाई, माझी तारीख बदलू देऊ नका.'

तिचे वडील शाळेत आले तेव्हा मी तिथेच होते. वाईट माणूस नव्हता. हात जोडून उभा होता. 'बाई, लय चांगलं स्थळ हाय. पोराची द्राक्षाची बाग हाय. आम्ही दोघं दिवसभर भाईर, पोर एकटी घरी, आमच्या जिवाला घोर नाय का?' निकम बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, 'दहावी होऊ द्या. शाळा सुटल्यावर ती माझ्या घरी बसून अभ्यास करील, तुम्ही येईपर्यंत. घोर माझा.' तो कबूलही झाला असता, मला अजून वाटतं. पण मामा कबूल नव्हता, आणि मामाची ओळख थेट संस्थेत होती. आमच्या संस्थेचे एक संचालक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. अण्णांचा मोठ्या बाईंना फोन आला. मोठ्या बाईंनी मला बोलावलं. कारकुनाने दाखला टाइप करून ठेवला होता, तीन वर्षं मागची जन्मतारीख घालून. वर्गशिक्षिका म्हणून माझी सही पाहिजे होती.

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागणार आहे, आणि मी ते थोडक्यात सांगणार आहे, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. प्रस्ताव अण्णांच्या टेबलावर होता. मोठ्या बाईंनी तसं तोंडाने म्हटलंसुद्धा नाही, नुसतं विचारलं, 'तुमचं कायमचं पत्र आलं का हो?' मी दाखला घेऊन स्टाफरूममध्ये आले. सही करायची की नाही याचा विचार करायला आले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर पेन आणायला आले होते.

निकम बाई समोर उभ्या राहिल्या. दाखला त्यांनी पाहिला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, 'शिंदे बाई, सही करू नका. तुम्ही नाही केली तर ते दुसऱ्या कुणाची घेतील, पण त्याला दोन-चार दिवस जातील. तेवढ्यात मी तिच्या गावच्या शाळेतून खरा दाखला आणते. मला फक्त दोन-चार दिवस द्या.'

दोन-चार दिवस. जमीन मागितली नव्हती, पैसा मागितला नव्हता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, 'बाई, तुमचं बरं आहे, तुम्ही कायम आहात. माझ्या पोटावर पाय येतोय. जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या ना.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून ती निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, 'अ‍ॅडजस्ट'चं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, 'पुन्हा म्हणा. मला नीट लिहायचंय.'

मी पुन्हा म्हटलं नाही. पण त्यांनी लिहिलं. माझ्यासमोर उभ्या राहून लिहिलं, खाली तारीख घातली, आणि वही पिशवीत टाकून वर्गावर गेल्या. त्यांच्या पाठमोऱ्या साडीकडे बघत मी मनात म्हणाले, नाटकं आहेत सगळी. आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी बाई निफाडकडे निघाल्या. एसटी, मग पायी. गावच्या प्राथमिक शाळेचे मास्तर ट्रेनिंगला गेले होते, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. बाई तीन वेळा जाऊन आल्या. किल्ली मिळाली आणि दाखला हातात पडला तो लग्नाच्याच दिवशी सकाळी. तिथून त्या तशाच मांडवात गेल्या. हे मला पुढे त्या संयोजकांपैकी एकाने सांगितलं, हसत हसत, गंमत म्हणून. एक बाई मांडवात शिरली, हातात कागद, लग्न थांबवा म्हणाली. त्यांनी तिला आदराने बसवलं, सरबत दिलं आणि फाईल काढून दाखवली. 'मॅडम, हा बघा, तुमच्याच शाळेचा दाखला आहे. तुमच्याच शिक्षिकेची सही आहे. आता आम्ही कोणता खरा धरायचा?' आमच्या शाळेचा नवा, टाइप केलेला, गोल शिक्का मारलेला होता. बाईंच्या हातातला जुना, शाईने लिहिलेला, घडी पडून फाटायला आलेला. अक्षता पडल्या. तो सांगणारा म्हणाला, 'लय तापली होती बाई. सरबत तसंच ठेवून गेली.'

बाईंनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. तक्रार आली म्हणताच मोठ्या बाईंच्या खोलीत शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं गेलं आणि रंजनाच्या नावापुढे व्हाइटनर फिरला. आकड्यातल्या तारखेवर फिरला, अक्षरी तारखेवरही फिरला. तो वाळेपर्यंत कारकून पानावर फुंकर मारत होता, मी पाहिलं. चौकशीला एक साहेब आले. मला विचारलं, 'सही तुमची?' मी म्हटलं, 'सही माझी, तारीख मी पाहिली नव्हती.' साहेबांनी ते लिहून घेतलं. अहवालात आलं की दोन नोंदींमध्ये तफावत असून ती कारकुनी चूक आहे, शाळेने यापुढे काळजी घ्यावी. एका पोरीची तीन वर्षं आणि दहावी खाल्ली, आणि यापुढे काळजी घ्यावी. मला आज ते आठवलं की हातातली वस्तू फेकावीशी वाटते. तेव्हा मला काय वाटलं होतं माहीत आहे? सुटलो बुवा एकदाचे, असं वाटलं होतं. जूनमध्ये माझं कायमचं पत्र आलं. त्याच टपालात निकम बाईंची बदली आली, नांदगावकडच्या संस्थेच्या शाखेत.

मोठ्या बाईंनी त्यांना सुचवून पाहिलं. अण्णांना भेटा, दोन शब्द नरमाईचे बोला, बदली रद्द होईल, थोडं अ‍ॅडजस्ट करा. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या. निकम बाईंनी वही काढली. मोठ्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेवटच्या दिवशी आम्ही रीतसर नारळ, शाल वगैरे आणलं होतं. बाई म्हणाल्या, 'माले नको,' आणि मोपेडला किक मारली. ती नेहमीप्रमाणे पहिल्या किकला सुरू झाली नाही. पाच-सहा वेळा त्या किक मारत राहिल्या, आम्ही शाल घेऊन उभ्या. कुणीही पुढे होऊन हात लावला नाही. मीही नाही.

त्यानंतर सोमवारचे शब्द बंद झाले. नव्या इंग्रजीच्या शिक्षिकेने गाइड आणलं. मुलींच्या वापराच्या वह्या रद्दीत गेल्या असतील. मी गणित शिकवत राहिले, पुढे सुपरवायझर झाले, मोठ्या बाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत बसले. आता मुली मला मोठ्या बाई म्हणू लागल्या. रजिस्टरचं कपाट माझ्या पाठीशी होतं. त्या पानावरचा व्हाइटनर पिवळा पडून त्याला भेगा गेल्या होत्या, खालचा आकडा थोडा दिसायचा. मी ते पान वर्षातून एकदा तरी उघडायचे. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. बघायचे आणि मिटायचे.

दहा-अकरा वर्षांनी, जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत एक बाई मुलीला घेऊन माझ्या खोलीत आली. पाचवीचा प्रवेश. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, गळ्यात काळी पोत, हातात स्कूटीची किल्ली. मी फॉर्मवरचं नाव वाचलं आणि मान वर करायला मला वेळ लागला. रंजना होती. तिने आपणहून सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. नवऱ्याचं नि तिचं पटलं नाही. मुलगी चार वर्षांची असताना ती परत आली. निकम बाईंनी तिला नांदगावला ठेवून घेतलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं, मग बारावीला. आता ती नाशिकला नर्सिंग करत होती. 'सतरा नंबरला जन्मतारखेचा पुरावा लागतो ना,' ती म्हणाली. 'माझ्या गावच्या शाळेचा दाखला बाईंकडे होता. त्यांनी तो डिक्शनरीत ठेवला होता, ए च्या पानात.'

मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. ती बोलली नाही. तिने मुलीचा जन्मदाखला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, 'बाई, रजिस्टरला माझ्यासमोर लिहा. आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीत. आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा.'

कारकून म्हणाला, 'ताई, असं कुणासमोर लिहीत नाही आम्ही. नोंदी संध्याकाळी एकदम होतात. जरा अ‍ॅडज...' मी त्याच्या हातातून रजिस्टर ओढून घेतलं. इतक्या जोरात की शाईची दौत सांडली. मी स्वतः लिहिलं. आकड्यात लिहिलं, अक्षरात लिहिलं, आणि मुलीकडे बघत मोठ्याने वाचलं. ती दहा वर्षांची पोर माझ्या शाईने भरलेल्या हातांकडे बघत होती. रंजनाने वाकून दोन्ही ओळी तपासल्या, बोट फिरवून. मग म्हणाली, 'येते बाई. निकम बाई खाली थांबल्यात.'

मी जिन्यावरून उतरले ते पायांत चपला न घालता.

निकम बाई गेटच्या बाहेर गुलमोहराखाली उभ्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ, खांद्याला खाकी पिशवी. शाळेच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, 'बाई, वर चला, चहा घेऊ.' त्या म्हणाल्या, 'तारीख नीट लिहिली का?' मी म्हटलं, 'लिहिली.' 'अक्षरात?' 'अक्षरातही.' त्यांनी मान डोलावली. माझ्याबद्दलचा राग त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही, आणि मला तोच पाहिजे होता. रंजनाच्या पोरीला गणवेशाचं कोणतं माप नीट बसेल, कॉलर मोठी होईल का, याकडे त्यांचं लक्ष होतं.

रंजना स्कूटी वळवून आणेपर्यंत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं. इतक्या वर्षांत रोज विचारायचं ठरवलेलं ते त्या दोन मिनिटांत विचारलं. 'बाई, त्या वहीतली माझी ओळ... अजून आहे का हो?'

'आहे.'

'खोडता नाही येणार?'

बाईंनी पिशवी खांद्यावर नीट केली. 'शिंदे बाई,' त्या म्हणाल्या, 'मी व्हाइटनर वापरत नाही.'

मुलगी पुढे उभी राहिली, रंजनाने स्कूटी चालू केली, ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली. निकम बाई मागे बसल्या. बसायला जागा कमी होती. मागून त्या म्हणाल्या, 'तू थोडी पुढे हो, मी थोडी मागे होते.' दोघी सरकल्या, आणि गाडी नाशिकरोडच्या गर्दीत शिरली. मी गेटपाशी अनवाणी उभी होते, शाईने भरलेले हात घेऊन.